ट्रॅकसाठी सस्पेन्शन बदलताना वॉरंटीचे काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट्‌स कार ट्रॅक डेला (रेसट्रॅकवर आपलीच गाडी चालवण्याच्या दिवसाला) नेऊ लागलेल्या मालकांकडून सस्पेन्शन आणि वॉरंटीविषयी जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतात नोंदणी झालेल्या आणि एरवी रस्त्यावरही चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, नोंदणी नसलेल्या गाडीला यातले फारच थोडे लागू पडेल. पुढचे वाचताना आपल्या गाडीची वॉरंटी पुस्तिका हाताशी असावी, कारण कंपनीशी तुमचा करार म्हणजे ती पुस्तिका. सेल्समनने तोंडी सांगितलेले त्यात धरले जात नाही.

१. सस्पेन्शन बदलले की गाडीची संपूर्ण वॉरंटी रद्द होते का?

सहसा नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘वॉरंटी व्हॉइड झाली’ हे वाक्य फार सढळपणे उच्चारले जाते. प्रत्यक्षात बहुतेक पुस्तिकांमध्ये, बाहेरचा भाग बसवल्यामुळे किंवा गाडीत फेरफार केल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही, अशा अर्थाचे कलम असते. ‘झालेला’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांवर पुढचा सगळा वाद उभा राहतो. बदललेले शॉकअप गळू लागले तर कंपनी ते देणार नाही, हे उघड आहे. पण त्याच गाडीचा एसी कॉम्प्रेसर किंवा टचस्क्रीन बंद पडली तर सस्पेन्शनचे कारण पुढे करता येत नाही. काही कंपन्यांची कलमे याहून कडक असतात आणि कोणत्याही फेरफारानंतर वॉरंटी थांबवण्याचा अधिकार त्या राखून ठेवतात, म्हणून शब्दरचना स्वतः वाचावी.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कारउत्पादकांविरुद्ध दिलेला आदेश येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजकडून काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने त्यात सांगितले. या आदेशाविरुद्ध अपिले झाली, आणि त्याचा विषय दुरुस्ती व सुटे भाग हा होता, गाडीतले फेरफार हा नव्हता. तरीही नुकसान आणि कारण यांची सांगड घालण्याचे जे तत्त्व त्यात आहे, ते कंपनीला पाठवायच्या पत्रात मांडण्यासारखे आहे.

२. ट्रॅकवर चालवणे आणि भाग बदलणे या वॉरंटीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. एक कलम फेरफारांविषयी असते आणि दुसरे वापराविषयी. शर्यत, रॅली, वेगाची चाचणी किंवा स्पर्धा यांत गाडी वापरल्यामुळे होणारे नुकसान दुसऱ्या कलमाखाली वगळलेले असते. त्यामुळे एकही बोल्ट न बदललेली गाडी ट्रॅकवर नेऊन क्लच जाळला, तर पहिले कलम लागू नसूनही दावा नाकारला जाऊ शकतो. उलट, कॉइलओव्हर (उंची जुळवता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र संच) बसवलेली गाडी ट्रॅकचे तोंडही न पाहता बिघडली, तर दुसरे कलम लागू होत नाही.

वेळ मोजली जात नाही, क्रमांक काढले जात नाहीत आणि ओव्हरटेक केवळ ठरलेल्या जागी करता येते, असा ट्रॅक डे ‘स्पर्धा’ ठरतो का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. पुस्तिकेत केवळ ‘स्पर्धा’ किंवा ‘शर्यत’ असे शब्द असतील तर मालकाची बाजू बरी असते. ‘रेसट्रॅकवरील कोणताही वापर’ असे लिहिले असेल तर वादाला जागाच उरत नाही. आयोजकाचे नियमपत्रक जपून ठेवावे, कारण तो स्पर्धात्मक कार्यक्रम नव्हता हे त्यावरूनच दाखवता येते.

३. पहिल्या ट्रॅक डेपूर्वी सस्पेन्शन बदलायलाच हवे का?

नको. नव्या चालकाची गाडी प्रथम ब्रेकपाशी हरते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण हवेतला ओलावा शोषल्यावर त्याची किमान अपेक्षा १५५ अंशांवर येते. दोन पावसाळे काढलेल्या ऑइलवर सलग पाच-सहा लॅप मारल्या तर ब्रेकचे पेडल मऊ पडणे साहजिक आहे. म्हणून आधी ब्रेक ऑइल, मग ब्रेक पॅड, मग टायर, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन) आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग-शॉकअप, हा क्रम ठेवावा. वॉरंटीच्या दृष्टीनेही हाच क्रम सोयीचा आहे, कारण पहिल्या तीन गोष्टी झिजणाऱ्या, नेहमी बदलल्या जाणाऱ्या वस्तू आहेत आणि त्यांच्यावरून वाद क्वचितच होतो. पॅड आणि टायर मात्र कंपनीने ठरवलेल्या मापाचेच असावेत.

४. केवळ लोअरिंग (गाडी खाली आणणाऱ्या) स्प्रिंग टाकल्या आणि शॉकअप मूळचेच ठेवले तर काय होते?

स्वस्तात होणारे हे काम ट्रॅकसाठी सर्वांत कमी उपयोगाचे आणि वॉरंटीसाठी सर्वांत अडचणीचे आहे. कडक स्प्रिंग दबल्यावर अधिक जोराने परत उसळते. ती उसळी आवरणारे रिबाउंड डॅम्पिंग मूळ शॉकअपमध्ये त्या हिशेबाने दिलेले नसते. शिवाय गाडी खाली आल्याने शॉकअपच्या दांड्याला उरलेला प्रवास कमी होतो, बंपस्टॉप (प्रवासाच्या शेवटचा रबरी अडथळा) लवकर लागतो आणि सील लवकर जातात. आता गळणारे शॉकअप कंपनीचे असल्यामुळे मालकाला वाटते की ते वॉरंटीत मिळावे. पण ते ज्या स्प्रिंगसोबत काम करत होते ती कंपनीची नाही, आणि येथे नकार देण्यात सर्व्हिस सेंटरचे काही चुकत नाही. स्प्रिंगच बदलायच्या असतील तर त्यांच्या जोडीने कमी लांबीचे शॉकअप घ्यावेत. उदाहरणार्थ, बिलस्टाइनची बी८ ही मालिका खाली केलेल्या गाड्यांसाठीच असते, तर बी६ मूळ उंचीसाठी.

५. कॉइलओव्हर घेताना गाडी किती खाली करावी?

जेवढी खाली तेवढी चांगली, हा समज चित्रे पाहून होतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाला वरून धरतो अशी रचना) असलेल्या गाडीत लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले, की वळणावर सस्पेन्शन दबताना चाकाला मिळायला हवा तो ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणे) मिळेनासा होतो आणि टायर बाहेरच्या कडेवर चालू लागतो. त्याच वेळी रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली सरकते. दोघांतले अंतर वाढते, आणि गाडी खाली करूनही ती अधिक कलू पाहते. ते दाबण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग लागते, आणि आपण मूळ चूक पैसे घालून झाकत जातो. टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडल्याने खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप हलते, ते वेगळेच.

महाराष्ट्रातल्या मालकाला आणखी एक गोष्ट मोजावी लागते. कोइमतूरची करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट पुण्याहून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. गाडी रस्त्याने न्यायची असेल तर वाटेतले प्रत्येक गावचे स्पीडब्रेकर तिला पार करायचे असतात. पंधरा ते वीस मिलिमीटरपलीकडे जायचेच असेल, तर फ्लॅटबेडचा (गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकचा) खर्च आधीच धरावा. केडब्ल्यूच्या व्ही३ सारख्या संचात दाब आणि उसळी स्वतंत्रपणे जुळवता येतात. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्ये एकाच नॉबने दोन्ही बदलतात. नवशिक्याने दुसरा प्रकार घ्यावा असे आमचे मत आहे, कारण चुकीचे जुळवण्याच्या शक्यता तिथे कमी असतात.

६. नुसते अलाइनमेंट बदलले तरी वॉरंटीचा भंग होतो का?

कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहून कॅम्बर आणि टो (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणे) बदलले तर नाही. मर्यादेबाहेर गेलात तर टायरच्या असमान झिजेविषयी तक्रार करता येणार नाही, इतकाच व्यावहारिक परिणाम होतो. काही स्पोर्ट्‌स कारच्या पुस्तिकेत ट्रॅकसाठी वेगळे आकडे कंपनीनेच दिलेले असतात. शेव्हरोलेट कॉर्व्हेट हे त्याचे ठळक उदाहरण. असे आकडे असतील तर तेच वापरावेत आणि अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट तारखेसह ठेवावा. कॅम्बर प्लेट बसवून स्ट्रट माउंटिंगच बदलणे हा मात्र फेरफार आहे आणि त्याला पुढच्या प्रश्नाचे उत्तर लागू पडते.

७. सस्पेन्शन बदलल्यावर नेमके कोणते भाग वॉरंटीबाहेर गेले असे धरावे?

बदललेला भाग आणि त्याच्याशी थेट जोडलेले भाग: स्ट्रट माउंटिंग, बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्म. त्यांच्या पुढच्या वर्तुळात व्हील बेअरिंग, ड्राइव्हशाफ्टचे सीव्ही जॉइंट आणि स्टिअरिंग रॅक येतात. गाडीची उंची बदलल्याने शाफ्टचा कोन बदलतो आणि कडक स्प्रिंगमुळे धक्के थेट बेअरिंगवर जातात, म्हणून येथे कंपनीचा संशय अगदीच निराधार नसतो. रबरी बुश काढून पॉलियुरेथेन किंवा गोलाकार बेअरिंग घातले असतील तर केबिनमधल्या आवाजाची आणि थरथरीची तक्रार नोंदवूच नये. त्यापलीकडे, म्हणजे गिअरबॉक्स, इंजिन, वायरिंग आणि रंग यांबाबत संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीने घ्यायला हवी, असा आग्रह धरावा. इंजिनाची गोष्ट जरा निराळी आहे. प्रश्न १० पाहा.

८. माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आहे. साधे कॉइलओव्हर बसवता येतील का?

येतात, पण कंट्रोल युनिटला मूळ शॉकअपचे व्हॉल्व्ह सापडत नाहीत आणि डॅशबोर्डवर सूचना पेटते. ती दाबण्यासाठी बाजारात प्लग मिळतात, किंवा कोडिंग करून ती सुविधाच बंद केली जाते. वॉरंटीच्या दृष्टीने हे कोडिंग स्प्रिंगपेक्षा जास्त ठळक उठते, कारण सर्व्हिस सेंटरने स्कॅनर जोडताच बदल दिसतो. हेडलाइटची उंची ठरवणारे सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेले असतात, तेही नव्या उंचीला जुळवून घ्यावे लागतात. रडार किंवा कॅमेऱ्यावर चालणारी चालकसहायक यंत्रणा असेल तर तिचे कॅलिब्रेशन तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. इलेक्ट्रॉनिक शॉकअप कायम ठेवून केवळ स्प्रिंग बदलणारे संच मिळतात. त्यांना प्रश्न ४ मधील मर्यादा लागू आहेत.

९. कंपनीचेच परफॉर्मन्स भाग घेतले तर वॉरंटी टिकते का?

अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवून घेतले तर बहुधा टिकते, आणि महाग असूनही वॉरंटीतल्या गाडीसाठी हा सर्वांत निर्धास्त मार्ग आहे. बीएमडब्ल्यू आपल्या एम परफॉर्मन्स भागांत उंची जुळवता येणारे कॉइलओव्हर देते. दोन गोष्टी मात्र लेखी घ्याव्यात: तो भाग भारतात तुमच्या मॉडेलसाठी अधिकृत आहे का, आणि त्या भागाची वॉरंटी किती काळाची आहे. परदेशातून स्वतः मागवलेला कंपनीचा भाग येथील डीलरच्या लेखी बाहेरचाच ठरू शकतो.

परदेशातील सवलती भारतात गृहीत धरू नयेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. ह्युंदाईने ऑस्ट्रेलियात आय३० एन विकताना स्पर्धा नसलेला ट्रॅकवरील वापर वॉरंटीत धरला होता. भारतात मिळणारी आय२० एन लाइन ही त्या कुळातली (ह्युंदाईच्या ‘एन’ या वेगवान गाड्यांच्या मालिकेतली) पूर्ण एन गाडी नाही आणि तिच्या वॉरंटीशी त्या सवलतीचा संबंध नाही.

१०. सस्पेन्शन आणि टायर बदलले, ट्रॅकवर इंजिन गेले. कंपनी दोघांचा संबंध जोडू शकते का?

जोडू शकते, आणि तो संबंध यांत्रिकदृष्ट्या खोटा नसतो. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत इंजिन ऑइल खालच्या उथळ चेंबरमध्ये साठते. लांबलचक वळणावर ते एका बाजूला चढते, ऑइल ओढणारी नळी काही क्षण उघडी पडते आणि बेअरिंग कोरडे फिरतात. गाडीची पकड जितकी जास्त आणि वळण जितके लांब, तितका तो क्षण मोठा. म्हणूनच पोर्श ९११ जीटी३ सारख्या ट्रॅकसाठी कल्पिलेल्या गाड्यांना ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) दिलेला असतो.

मालकाच्या बाजूने सांगायचे तर वळणावरची पकड मुख्यतः टायर वाढवतात, स्प्रिंग नव्हे. सस्पेन्शन बदलले पण टायर मूळ प्रतीचे आहेत, तर संबंध बराच सैल होतो. सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, जास्त पकडीचे) टायर असतील तर तो घट्ट होतो. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होते, प्रत ठरलेलीच होती आणि ते वेळेवर बदलले होते, याच्या पावत्या असल्या की कंपनीला ‘देखभालीत हयगय’ हे सोपे कारण उरत नाही. इंजिनचा कंट्रोल युनिटही बोलतो. चुकीच्या खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिन मर्यादेबाहेर फिरवले असेल तर त्याची नोंद राहते. पोर्शच्या गाड्यांत अशा जादा फेऱ्या पट्ट्यांनुसार आणि इंजिनच्या चालू तासांसह नोंदल्या जातात, आणि जुनी ९११ घेणारे जाणकार तो रिपोर्ट आधी मागतात. अशी नोंद असेल तर सस्पेन्शनवर वाद घालण्यात वेळ दवडू नये, कारण दावा त्या नोंदीवरच संपेल.

११. सर्व्हिसला नेण्यापूर्वी मूळ भाग परत बसवले तर कळते का?

बहुधा कळते. कारखान्यात घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची खूण असते, ती एकदा तुटली की जुळत नाही. नकलवरच्या (चाक धरणाऱ्या धातूच्या भागावरच्या) क्लॅम्पवर ताजे ओरखडे दिसतात. साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीखाली पाच हजार किलोमीटरच चाललेले शॉकअप लपत नाहीत. नेहमीच्या सर्व्हिसपूर्वी मूळ संच बसवण्यात गैर काही नाही. पण ज्या बिघाडाचा दावा करायचा आहे त्याच्याशी संबंधित भाग लपवून दावा करणे म्हणजे खोटे विधान आहे, आणि ते उघडे पडल्यावर खऱ्या दाव्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मूळ भाग विकू नयेत, हा सल्ला आम्ही सर्वांना देतो. त्यांचा उपयोग गाडी विकताना होतो.

१२. आरटीओच्या दृष्टीने हे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाने करू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रावर स्प्रिंगचा कडकपणा लिहिलेला नसतो, त्यामुळे सस्पेन्शनचा बदल रंग किंवा इंजिन बदलण्याइतका स्पष्टपणे या कलमात बसत नाही; पण तो निश्चितपणे बाहेर आहे असे सांगणेही धाडसाचे ठरेल. जर्मनीतील ट्यूव्ह या तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र अनेक कॉइलओव्हरसोबत येते. ते भागाच्या दर्जाविषयी काही सांगते. आरटीओपुढे ते परवानगीचे काम करत नाही.

१३. ट्रॅकवर अपघात झाला तर विमा मिळतो का?

भारतातल्या खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि आयोजित शर्यत, पेस मेकिंग (इतरांना वेग ठरवून देत पुढे चालवणे), वेगचाचणी व रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) हे वापर त्यातून वगळलेले असतात. ट्रॅकवरच्या नुकसानीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागेल, असे धरूनच जावे. ट्रॅकपर्यंतचा आणि परतीचा प्रवास हा रस्त्यावरचा नेहमीचा वापर आहे, आणि तेथे अडचण बदललेल्या सस्पेन्शनची येते. म्हणून बदल विमा कंपनीला लेखी कळवावा आणि पोच घ्यावी. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या रिपोर्टात दिसणे ही दावा अडकण्याची सर्वांत सामान्य वाट आहे.

१४. अमेरिकेतला माझा चुलतभाऊ म्हणतो की बाहेरच्या भागांवरून वॉरंटी नाकारणे बेकायदा आहे. हे खरे का?

त्याच्यासाठी बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकेतील १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा, वॉरंटी टिकवण्यासाठी ठरावीकच ब्रँडचे भाग वापरण्याची सक्ती करू देत नाही. पण बाहेरच्या भागामुळे झालेले नुकसानही कंपनीने भरावे असे तो कायदा म्हणत नाही, आणि शर्यतीतल्या वापराचे अपवाद तो पुसत नाही. तिथले अनेक मालकही हे विसरतात. भारतात विकलेल्या गाडीला तो लागू नाही. येथे आधार ग्राहक संरक्षण कायद्याचा आणि प्रश्न १ मधील आदेशाचा.

१५. दावा नाकारला तर पुढे काय करावे?

प्रथम नकार लेखी घ्यावा: कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तांत्रिक कारणाने. जॉब कार्डवर केवळ ‘मॉडिफाइड’ असा शेरा मारून परत पाठवणे पुरेसे नाही. खराब झालेला भाग वर्कशॉपच्या ताब्यातून नाहीसा होऊ देऊ नये. त्याची छायाचित्रे आणि स्कॅनरचा रिपोर्ट मागून घ्यावा. नंतर डीलरला वगळून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

त्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जावे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे बऱ्याच आयात स्पोर्ट्‌स कारचे प्रकरण किमतीनुसार थेट राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे सुरू होते. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असल्याने ही तपासणी स्वतः मागावी. गाडी कंपनीच्या नावावर घेतली असली तरी धीर सोडू नये: संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी केवळ त्या कारणाने व्यापारी हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये म्हटले आहे.

१६. एक्स्टेंडेड वॉरंटीलाही हेच नियम लागू होतात का?

नाही. ती अनेकदा विमा कंपनीमार्फत चालते आणि तिच्या अटी मूळ वॉरंटीहून कडक असतात. कोणताही फेरफार आढळल्यास करार संपतो असेही त्यात लिहिलेले सापडते. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने ती घेण्यापूर्वी हे कलम शोधावे, आणि सापडले तर त्या पैशांचे टायर घ्यावेत.

१७. सस्पेन्शन बदललेल्या गाडीवर सुरक्षा रिकॉल होतो का?

होतो. रिकॉल (सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करणे) हा वॉरंटीहून वेगळा विषय आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सरकारही त्याचा आदेश देऊ शकते. रिकॉल नेमका सस्पेन्शनच्या भागाचा असेल, तर सर्व्हिस सेंटर मूळ भाग घेऊन या असे सांगू शकते. मूळ संच जपून ठेवल्याचा उपयोग येथेही होतो.

१८. सस्पेन्शन बदललेली, वॉरंटी शिल्लक असलेली सेकंडहँड गाडी घ्यावी का?

विक्रेत्याकडे मूळ संच, बसवणाऱ्या वर्कशॉपची पावती आणि त्यानंतरच्या अधिकृत सर्व्हिसचे जॉब कार्ड, या तिन्ही गोष्टी असतील तर घ्यावी. व्यवहारापूर्वी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवून, तिच्या क्रमांकावर वॉरंटीबाबत काही निर्बंध नोंदवला आहे का हे विचारावे. असा निर्बंध पहिल्या मालकाच्या काळात नोंदला गेला असला तरी तो गाडीसोबत पुढच्या मालकाकडे येतो, आणि किंमत ठरवताना उरलेल्या वॉरंटीचे पैसे त्यातून वजा करूनच बोलणे करावे.